सत्तावीस नंबरच्या मागे

रविवारी दुपारी सलूनमधल्या टीव्हीवर गाड्यांची शर्यत लागली की खुर्चीवाले दाराजवळच्या बाकावर येऊन बसत. केस कापायचे नसत. डोक्यावर कापण्याजोगं फारसं उरलंच नव्हतं. जुने सोफे आणि खुर्च्या नव्यानं मढवून देणं हा त्यांचा धंदा, म्हणून हे नाव. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या खुर्च्या सांभाळणारा हा एकच माणूस पाहिला," असा विनोद मास्तर दर रविवारी करत आणि दर रविवारी स्वतःच हसत.

मंडळी चारच. शर्यतींची वाहिनी ज्याच्या टीव्हीवर दिसे तो सलूनवाला, शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला आणि अजूनही बोलताना हवेत हात मागेपुढे करणारा 'गिअर', आणि खुर्चीवाले. शर्यत चालू असताना बाकीचे तिघं आरडाओरडा करत, टायर कधी बदलायला हवे होते यावरून एकमेकांची अक्कल काढत. खुर्चीवाले गप्प असत. त्यांचा जीव अडकलेला असे शर्यतीनंतरच्या पत्रकार परिषदेत. सलूनवाल्यानं रिमोट उचलला की ते म्हणत, "राहू दे की जरा. काय म्हणतो ते ऐकू."

"दर वेळी तेच म्हणतो," गिअर म्हणे. "गाडी चांगली होती, टायर वाईट होते."

तो काय म्हणतो याच्याशी खुर्चीवाल्यांना खरं तर देणंघेणं नव्हतं. सत्तावीस नंबरची गाडी चालवणारा तो पोरगेला ड्रायव्हर माइकसमोर बसला, की त्याच्या मागे एक बाई उभी राही. करडा शर्ट, मानेवर बांधलेले केस, हातात छोटासा रेकॉर्डर. ड्रायव्हरनं पत्रकारांशी कधी आणि किती बोलायचं ते बघणं हे तिचं काम. कॅमेरा तिच्यासाठी नसेच. कधी अर्धा चेहरा दिसे, कधी नुसतं कोपर. ती खुर्चीवाल्यांची मुलगी होती.

हे त्यांनी सलूनमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते. फोन करते का? कधी येते? बायको होती तोवर फोन बायकोला येई. मायलेकींचं तासभर चाले आणि शेवटी पलीकडून विचारणा होई, "बाबा बरे आहेत ना?" "आहेत की. देऊ का?" "नको, असू दे. झोपले असतील." ते समोरच बसलेले असत, टक्क जागे. मग बायको गेली आणि दोघांमधला दुवाच गेला. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. काय बोलायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं, एवढंच. अधूनमधून फोन येई. "बाबा, बरे आहात ना?" "हो. तू?" "मीपण. जरा कामात आहे, ठेवू?"

एकदा केस कापायला गेले असताना टीव्हीवर ती अचानक दिसली होती. गाड्यांचा तो किंचाळता आवाज त्यांना मुळीच सहन होत नसे. पण पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले, आणि मग जातच राहिले.

त्या वर्षी शर्यतींवरचा एक मोठा सिनेमा आला. मुलगी फोनवर सहज बोलून गेली होती, "शूटिंग आमच्या गॅरेजमध्येच झालं. एका सीनमध्ये गर्दीतून मीपण जाते." तेवढ्यावर खुर्चीवाले भर कामाच्या दिवशी दुकानाला कुलूप लावून दुपारच्या खेळाला गेले. थिएटरात चार डोकी. पडद्यावर नायक जळत्या गाडीतून बाहेर पडला, नायिकेनं हंबरडा फोडला, पण खुर्चीवाल्यांची नजर पडद्याच्या कडाकडांनीच फिरत होती. करडे शर्ट पुष्कळ होते. एकदा मानेवर बांधलेले केस दिसले आणि ते नकळत अर्धे उठले. "काका, बसा हो खाली," मागून कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात दृश्य बदललं. दुसऱ्या दिवशी ते परत गेले. ते दृश्य येताच डोळ्यात तेल घालून बघत राहिले. तरी ती होती की दुसरी कुणी, हे त्यांना सांगता येईना.

रविवारी सलूनमध्ये वाद त्याच सिनेमावर पेटला.

"एवढ्या वेगात एका हातानं वळण घेतो? आणि दुसऱ्या हातानं पोरीला टाटा? माझा कंडक्टरसुद्धा उतरून गेला असता," गिअर म्हणाला.

"गाडी खोटी असली तर चालते. माणसं खरी असायला हवीत," मास्तर म्हणाले. "मेकॅनिक फक्त टाळ्या वाजवायला, पत्रकार फक्त मूर्ख दिसायला. ट्रॅकवरची बाकी माणसं तर झाडंझुडपं."

"मला आवाज आवडला," सलूनवाला म्हणाला. "खालून खुर्ची हादरत होती. पण गिऱ्हाइकाचा फोन आला, अर्ध्यातून उठावं लागलं. खुर्चीवाले, तुम्ही पाहिलात?"

"दोनदा."

"दोनदा! मग सांगा की, शेवटी जिंकतं कोण?"

खुर्चीवाल्यांना काही केल्या आठवेना. "पहिला आलेला," ते म्हणाले.

तिघंही पोट धरून हसले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं बरा टोला हाणला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो अपघात झाला. एका गाडीचं चाक निखळून उडालं आणि कडेला झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला लागलं. तो जागच्या जागी गेला. शर्यत थांबली नाही. त्याच्या जागी दुसरा माणूस उभा केला, आणि संध्याकाळी नेहमीसारखी बक्षिसं वाटली गेली.

पुढच्या शर्यतीत सत्तावीस नंबर तिसरा आला. माइकसमोर बसला आणि म्हणाला, "शर्यत का थांबवली नाही, हे आयोजक सांगत नाहीत तोवर मी इथं बोलणार नाही." आणि उठून गेला. त्याच्यामागोमाग करडा शर्टही चौकटीबाहेर गेला. मग आणखी काही ड्रायव्हर त्याला सामील झाले. हाच प्रश्न विचारणाऱ्या पत्रकारांना आयोजकांनी आत सोडणं बंद केलं, आणि शेवटी पत्रकार परिषदाच गुंडाळून टाकल्या. शर्यत संपली की टीव्हीवर आता सरळ जाहिराती लागत.

"शाब्बास पठ्ठ्या!" मास्तर म्हणाले. "सगळे माइक ज्याच्या तोंडासमोर, त्यानंच तोंड मिटलं तर जगाला ऐकू जातं."

"आम्ही बस बंद ठेवल्या तेव्हा घरी चूल पेटेना," गिअर म्हणाला. "याचं काय जातंय? शिवाय बोलणं हे त्याच्या नोकरीतच येतं. आणि तुमच्या पत्रकारांना तरी मेलेल्याचं सोयरसुतक आहे? उद्या दुसरा विषय मिळाला की हे तिकडे."

"म्हणून काय त्यांना दार बंद करायचं? आत काय चाललंय ते मग आपल्याला कळणार कसं?"

"बोलायला काय धाड भरली त्याला?"

हे खुर्चीवाले बोलले होते. सगळे वळून बघू लागले. त्यांचा आवाज इतका चढलेला कुणी ऐकला नव्हता.

"याच्या गप्प बसण्यानं गेलेला माणूस परत येणार आहे का? समोर बसावं, चार शब्द बोलावेत. लोकांना दिसावं..." ते अडखळले. "म्हणजे, ऐकू यावं."

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," मास्तर हळूच म्हणाले. "तो झेंडेवालाही कुणाचा तरी बाप असेल."

खुर्चीवाले उठले आणि घरी गेले. मास्तरांचं म्हणणं त्यांना पटत होतं, हेच वाईट होतं. रस्ताभर त्यांना स्वतःची लाज वाटत राहिली, आणि तरीही पुढच्या रविवारी ती दिसणार नाही याचीच रुखरुख जास्त होती. संध्याकाळी त्यांनी आपणहून फोन लावला. "बाबा, इथं फार गडबड आहे," ती म्हणाली. आवाज दमलेला होता. वेळेवर जेवतेस का, एवढं तरी विचारायचं त्यांनी ठरवलं होतं. विचारेपर्यंत फोन बंद झाला होता.

मग एका रविवारी सलूनमधल्या टीव्हीवर बातमी आली. सत्तावीस नंबरनं माफी मागितल्याचं एक निवेदन त्याच्या संघानं तयार केलं होतं. ते पत्रकारांना पाठवण्याचं काम ज्या बाईकडे होतं, तिनं ते पाठवलं नाही. उलट बाहेर ताटकळत असलेल्या पत्रकारांसमोर जाऊन तिनं सांगितलं, की यातला एक शब्दही त्याचा नाही. तिला त्याच दिवशी कामावरून काढून टाकलं होतं.

टीव्हीवर तिचा फोटो आला. पूर्ण चेहरा, समोरून. खुर्चीवाले बाकावरून उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले. किती वाळली होती.

"वाघीण आहे," मास्तर म्हणाले.

"कसली वाघीण? खाल्ल्या मिठाला जागायला नको?" गिअर म्हणाला. "घरचं कुणी आहे की नाही हिला चार समजुतीच्या गोष्टी सांगायला?"

"मी आहे," खुर्चीवाले म्हणाले. "ती माझी मुलगी आहे."

सलूनवाल्यानं आवाज बंद केला. खुर्चीवर बसलेल्या गिऱ्हाइकानंही मान वळवली, अर्ध्या गालाला फेस तसाच. गिअरचा हात हवेत होता तो खाली आला.

"आणि तुम्ही त्या दिवशी म्हणालात, की त्यानं बोलावं..." मास्तर पुटपुटले.

"तो बसला की ती मागे दिसायची ना. तेवढ्यासाठीच तर यायचो."

मग गिअर खाली मान घालून म्हणाला, "अहो, आधी सांगायचं नाही का? दाराजवळ कशाला बसू दिलं असतं तुम्हाला? समोर बसवलं असतं."

आठवडाभरानं मुलगी घरी आली. एक बॅग, एक कोट. पहिले दोन दिवस ती नुसती झोपली. खुर्चीवाले घरात मांजराच्या पावलांनी वावरत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी धीर केला. किती दिवस साठवलेलं होतं त्यांच्याकडे.

"त्या आधीच्या शर्यतीत तुमचे टायर चुकलेच. मऊ टायर लवकर झिजतात, त्यांच्यावर इतक्या फेऱ्या कशाला ताणायच्या?"

तिनं चमकून वर पाहिलं. "तुम्ही शर्यती बघता? तुम्हाला तर तो आवाज सहन होत नाही."

"बघतो कधीमधी."

"बाबा, मला आता त्यातलं काही ऐकवतच नाही. दुसरं काहीतरी बोलू या?"

"बोलू या की."

पण दुसरं काय बोलायचं? ताटात चमचा वाजत राहिला. तिच्याशी बोलता यावं म्हणून जी भाषा ते उतारवयात शिकले होते, ती तिनं टाकून दिली होती. तुला बघायला जायचो, हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं आणि घासाबरोबर खाली गेलं.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून दुकानात आली. ते एका मोडकळीला आलेल्या आरामखुर्चीचं जुनं कापड सोडवत होते. तिनं पक्कड उचलली आणि समोर मांडी घालून खिळे उपटू लागली. लहानपणी ती हे करत असे. खिळे डब्यात पडत राहिले. मग मान वर न करता ती बोलू लागली.

"त्या झेंडेवाल्याच्या घरी मी फोन केला होता. संघानं नको म्हटलं होतं, तरी. त्याच्या बायकोला वाटलं, मी काहीतरी मोठं सांगणार. मला नुसतं 'वाईट वाटलं' एवढंच म्हणता आलं. आणि तिनं विचारलं, त्या दिवशी तिकडे थंडी होती का? त्यानं स्वेटर नेला नव्हता, म्हणाली."

"मग?"

"मी म्हटलं, नव्हती. खूप थंडी होती, बाबा." तिनं एक वाकडा खिळा दोन्ही हातांनी उपटला. "त्यानंतर ते माफीचं पत्र समोर आलं. माझ्याच्यानं पाठवलं गेलं नाही. लोक म्हणतात तशी वाघीणबिघीण काही नाही मी. हातच चालेना."

खुर्चीवाल्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. हाताला डिंक लागलेला होता. तो पुसेपर्यंत ती उठून चहा ठेवायला गेली होती.

"बरं केलंस," ते तिच्या पाठीला म्हणाले. तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

दूरच्या एका गावी रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर तिला काम मिळालं आणि ती निघून गेली. तिकडे शर्यतींच्या आयोजकांनी अखेर अपघाताच्या चौकशीला होकार दिला. पत्रकार परिषदा परत सुरू झाल्या. खुर्चीवाले एकदा सलूनमध्ये जाऊन आले. मंडळींनी त्यांना समोर बसवलं, सलूनवाल्यानं आवाज वाढवला. सत्तावीस नंबरच्या मागे आता एक उंच माणूस उभा होता. बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून ते शेवटपर्यंत बसले. नंतरच्या रविवारी त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं, त्यानंतर कारणही सांगितलं नाही. एकदा गिअर दुकानात डोकावून गेला. बसचे दोन किस्से सांगितले, पण दोघांनाही उगाच अवघडल्यासारखं होत होतं.

मग एका दुपारी फोन आला.

"बाबा, कामात आहात?"

"नाही, बोल."

"मी खोली घेतलीय. रिकामी आहे नुसती, जमिनीवर बसलेय. इथं जुन्या सामानाच्या दुकानात एक खुर्ची पाहिलीय. घेऊ का, ते कसं कळतं?"

"उलटी करून बघ आधी," खुर्चीवाले म्हणाले. "वरून सगळ्याच छान दिसतात. खालच्या पट्ट्या सैल आहेत का बघ. बोटानं दाब. मग बैस, आणि डावी-उजवीकडे कल. कुरकुरली तर सांधा गेलाय."

"थांबा हं. पट्ट्या म्हणजे त्या एकमेकींत विणलेल्या?"

"त्याच."

तिनं विचारलं, त्यांनी सांगितलं. लाकूड कुठलं, रंगाखाली भेग असेल तर नख कसं लावून बघायचं, आत भरलेलं काय ते वासावरून कसं ओळखायचं. बोलता बोलता ते दुकानभर फिरत होते आणि तिला दिसत असल्यासारखे एकेका खुर्चीवर हात ठेवत होते. मध्येच त्यांच्या लक्षात आलं, की मघापासून एकदाही ती 'ठेवू?' म्हणालेली नाही.

"आणि बाबा, पाठ दुखत नाही ना अशा खुर्चीत?"

"टेकायला उंची बरोबर असेल तर नाही दुखत. तुझी उंची..." ते थांबले. मुलीची उंची त्यांना नक्की ठाऊक नव्हती. पडद्यावर ती कधी पूर्ण उभी दिसलीच नव्हती आणि घरी आली तेव्हा त्यांनी डोळे भरून पाहिलं नव्हतं. "तू बसून बघ आणि मला सांग. मग ठरवू."

"बरं. उद्या जाऊन बघते, आणि सांगते."

फोन बंद झाला. बाहेर शाळा सुटली होती, पोरांचा गलका दुकानावरून पुढे गेला. खुर्चीवाले थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग कापडाचा पुढचा तुकडा बेतायला बसले.