होशिनो-सानांची दुर्बीण ओकावांगोला जाते

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर सर्वांत आधी माझे वजन जाणवेल. हल्लीच्या दुर्बिणी हलक्याफुलक्या असतात. मी जुन्या बांध्याची आहे, धातू आणि जाड काचेची. अंगावरचा काळा रंग कडेकडेने उडाला आहे. पण माझ्यातून अजून स्वच्छ दिसते, आणि म्हणूनच माझी गोष्ट सांगायचा मला उत्साह आहे.

माझा जन्म टोकियोतल्या इताबाशी भागातल्या एका लहान कारखान्यात झाला. सुरुवातीला माझ्या दोन नळ्यांतून दोन वेगवेगळी चित्रे दिसत. ज्या बाईंनी मला पूर्ण केले त्यांनी स्क्रू हळूहळू फिरवून ती दोन चित्रे एकमेकांवर अशी आणून बसवली की एकच चित्र उरले. खिडकीबाहेर कोणीतरी वाळत घातलेला एक टॉवेल होता. मी पाहिलेले जग ते एवढेच, पण मला ते फार आवडले.

मला विकत घेतले होशिनो-सान आणि त्यांच्या पत्नी फुमिए-सान यांनी. जपानीत आदराने नावापुढे 'सान' जोडतात. दोघेही शाळेत शिक्षक. ते टोकियोजवळच्या ग्योतोकुला राहत. तिथे खाडीकाठी एक पाणथळ रान राखलेले आहे. सुट्टीच्या दिवशी ती दोघे मला घेऊन तिकडे जात आणि पाणकावळे, बगळे, शेकाटे बघत. माझ्या पट्ट्याला एकच गळा नव्हता. घटकाभर मी होशिनो-सानांच्या गळ्यात, घटकाभर फुमिए-सानांच्या.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मासिकातून कापलेले एक चित्र होते. आफ्रिकेत, बोट्स्वाना देशात ओकावांगो नावाची नदी आहे. ती समुद्राला मिळत नाही. वाळवंटात शिरते आणि तिथेच हजार वाटांनी पसरते. मग त्या पाण्यावर हत्ती, हरणे, पाणघोडे आणि असंख्य पक्षी जगतात. त्या चित्राकडे बघून होशिनो-सान म्हणत, "पुढच्या वर्षी जाऊ." पण आधी शाळेची कामे निघाली, मग मुलाचे, ताकुमीचे, शिक्षण आले, आणि शेवटी फुमिए-सानांचे आजारपण आले. त्या आजारातून त्या उठल्या नाहीत.

त्यानंतर होशिनो-सानांनी मला पेटीत घालून कपाटात ठेवले. माझ्यावर राग नव्हता. मी समोर असले की त्यांना सहन होत नसे. मित्रांनो, जपानचा उन्हाळा फार दमट असतो. बंद पेटीत माझ्या भिंगांवर बुरशी धरली. पांढरे बारीक धागे आतून पसरत गेले आणि हळूहळू मला काहीच दिसेनासे झाले.

एका सकाळी त्यांनी मला कचऱ्याच्या जागी नेले. तिथे न जळणारा कचरा वेगळा ठेवायचा असतो. त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी उल्का आपल्या काचेच्या बाटल्या घेऊन आली होती. तिने मला बघितले.

"हे टाकताय, होशिनो-सान?"

"आतून बुरशी आली आहे. काही दिसत नाही."

"मी घेऊन जाऊ?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. उल्काचे जपानी मोडकेतोडके होते, म्हणून ते तिच्याशी नेहमी सावकाश बोलत. तिच्या नावातला 'ल' त्यांना कधी जमला नाही. ते तिला उरुका-सान म्हणत.

उल्काची थोडी ओळख करून देते. ती इंदापूरची. तिचे वडील पाटबंधारे खात्यात होते, त्यामुळे उजनी धरणाच्या पाण्यावर येणारे रोहित पक्षी बघतच ती वाढली. पुढे पुण्यात एका ट्रॅव्हल कंपनीत ती लोकांच्या सहली आखायची, आणि त्यात तिचा हातखंडा होता. मग नवऱ्याला, धीरजला, जपानमध्ये काम मिळाले आणि ती लहानग्या मुलीला, पूर्वीला, कडेवर घेऊन इकडे आली. आता लेक सहावीत होती आणि उल्का स्टेशनजवळच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानात, गल्ल्यावर उभी राहत होती. कामाला ती नावे ठेवत नसे. पण धीरजला एकदा ती म्हणाली होती, "अरे, आपल्याला काय येतं तेच विसरायला झालंय मला."

तिने मला दुरुस्तीला पाठवले. मला उघडून, भिंगे धुऊन, पुन्हा जुळवून पाठवण्यात आले. मी परत आल्यावर उल्का मला होशिनो-सानांकडे घेऊन गेली. ते गच्चीत उभे राहिले आणि त्यांनी मला डोळ्यांना लावले. दूर खाडीवर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. ते बराच वेळ बघत राहिले. आत आल्यावर त्यांनी तिला चहा दिला आणि भिंतीवरचे ते चित्र दाखवले.

"मग जाऊ या की," उल्का म्हणाली.

ती सहज बोलली होती. पण त्या संध्याकाळी घरी तिने लॅपटॉप उघडला आणि धीरजला जेवण स्वतः वाढून घ्यावे लागले.

होशिनो-सानांना फेब्रुवारीत जायचे होते, कारण तेव्हा तिथे पाऊस असतो. पाऊस असला म्हणजे पाणी असणार, असा त्यांचा हिशेब. उल्काने नकारार्थी मान हलवली.

"आमच्या इंदापूरला पाऊस फारसा पडत नाही. तरी उजनी भरते. पाणी वरून येतं, घाटातून. इथंही तसंच आहे. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगरात, आणि ते पाणी वाळूतून वाट काढत यायला काही महिने लागतात. आकाश कोरडं असतं आणि नदी भरलेली असते. आपण ऑगस्टमध्ये जायचं. तिकडे तेव्हा हिवाळा असतो, थंडीही असेल."

होशिनो-सानांनी इतकी वर्षे ते चित्र पाहिले होते, पण हे त्यांना ठाऊक नव्हते. ते तिच्याकडे बघून हसले. फुमिए-सान गेल्यानंतर मी त्यांना प्रथमच हसताना पाहत होते.

मग आखणीला वेग आला. जीपच्या धक्क्यांनी त्यांचा गुडघा दुखेल, म्हणून उल्काने पाण्यावरचा मुक्काम निवडला. रोज नवी जागा नको, एकाच ठिकाणी राहायचे. शेवटचा टप्पा लहान विमानाचा, म्हणून कडक सुटकेस नको, मऊ पिशव्याच हव्यात. लेकीची शाळेची सुट्टी आणि धीरजची रजाही तेव्हाच होती, म्हणून उल्काच्या घरची तिघेही बरोबर जाणार होती. सगळे जमत आले होते. एकच गोष्ट अडली.

तिथे मोकोरो नावाच्या अरुंद, उथळ होडीतून फिरतात. प्रवाशाने होडीच्या तळाशी बसायचे आणि नावाडी मागे उभा राहून लांब काठीने होडी ढकलतो. तिथल्या लोकांनी कळवले की आजोबांना खाली बसता आणि आपले आपण उठता आले पाहिजे.

ताकुमी नागोयाला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. त्याने फोनवर स्पष्ट सांगितले, "बाबा मागच्या वर्षी जिन्यावर पडलेत. ते जाणार नाहीत. उरुका-सान, तुम्ही त्यांना आशा दाखवू नका."

फोन ठेवल्यावर उल्काने लॅपटॉप मिटला. तिला वाटले, खरेच आपण दुसऱ्याच्या घरात नको तितके शिरलो. पण दुसऱ्या दिवशी होशिनो-सान स्वतःच वर आले आणि म्हणाले, "मला खाली बसून बघायचंय."

धीरजने बैठकीतले टेबल बाजूला सरकवले. गाद्या-उशांच्या दोन रांगा लावून मध्ये होडीएवढी जागा केली. पहिल्या दिवशी होशिनो-सान बसले आणि त्यांना उठता येईना. धीरजने काखेत हात घालून उठवले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "उद्या येतो," एवढेच ते म्हणाले.

ते रोज येऊ लागले. डॉक्टरांनी गुडघ्याचे व्यायाम सांगितले, तेही ते करू लागले. पूर्वी पडदा टांगायची दांडी घेऊन त्यांच्या मागे नावाड्यासारखी उभी राहायची. उल्का मराठीत सांगायची, "अगं, आजोबांना लागेल," आणि पूर्वी जपानीत उत्तर द्यायची, "दाइजोबु, आई." म्हणजे, काही होत नाही. मला ते गळ्यात घालूनच बसत, कारण तिथे माझे वजनही असणारच होते.

एका रविवारी ताकुमी न कळवता नागोयाहून आला. वडील घरात नाहीत म्हणून शोधत वर आला, आणि दारातच थांबला. त्याचे वडील उशांच्या मध्ये पाय पसरून बसले होते आणि मागे एक मुलगी पडद्याची दांडी घेऊन उभी होती.

होशिनो-सानांनी आधी एका कुशीवर वळून गुडघा टेकला, मग दुसरा. दोन्ही हात जमिनीवर रोवले. मी त्यांच्या छातीशी लोंबत होते आणि त्यांचा श्वास मला जाणवत होता. एक पाय पुढे आला. ते डगमगले. धीरज पुढे सरकला, पण उल्काने त्याचा हात धरला. होशिनो-सान उभे राहिले.

"बाबा, हे घर आहे," ताकुमी म्हणाला. "तिथे पाणी असेल."

"हो. म्हणूनच जायचंय," होशिनो-सान म्हणाले. "तुझ्या आईला मी दर वर्षी पुढचं वर्ष सांगितलं. आता मला स्वतःला तसं सांगायचं नाही."

ताकुमी उशांकडे बघत राहिला. मग त्याने बूट काढले, आत येऊन बसला आणि उल्काला विचारले, "सकाळी तिथे थंडी किती असते?"

पुढच्या आठवड्यात नागोयाहून एक पार्सल आले. त्यात ताकुमीचे जाड जाकीट होते.

ऑगस्टमध्ये आम्ही गेलो. होडी गवतातून सरकताना पात्यांचा सळसळ आवाज येत होता. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालत होते, आणि उल्का म्हणाली की तिच्या गावाकडेही असेच असतात. दुसऱ्या होडीत धीरज आणि पूर्वी होते. एका वळणावर नावाड्याने काठी रोवली आणि होडी थांबवली. समोरच्या लव्हाळ्यातून एक हत्तीण बाहेर आली. तिने सोंडेने गवताचा झुबका उपटला, पाण्यात आपटून धुतला आणि तोंडात घातला.

होशिनो-सानांनी मला उचलले. डोळ्यांपर्यंत नेले. आणि मग हळूच खाली सोडले.

"किती जवळ आहे," ते कुजबुजले.

मला मुळीच वाईट वाटले नाही. मी त्यांच्या जाकिटावर निवांत पडून राहिले.

आता उल्का टोकियोतल्या एका लहान ट्रॅव्हल ऑफिसात काम करते. वयस्कर माणसांच्या सहली आखणे हेच तिचे काम आहे. होशिनो-सान तिच्याकडे पुढच्या सहलीची चौकशी करत असतात. आता मला नेहमी खाडीकाठी नेते ती पूर्वी.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिची काच शर्टाच्या टोकाने पुसू नका, ओरखडे पडतात. तिला कोरड्या हवेत ठेवा आणि दूरचे बघायला भरपूर वापरा. पण एखादी गोष्ट अगदी जवळ आलेली असेल, तर आम्हाला निःसंकोच खाली ठेवा. तेवढा वेळ आम्ही थांबू.