खालची ओळ

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे आणि मी अजून चालतो. दुसरी गोष्ट मुद्दाम सांगून टाकली, कारण या सामानाच्या खोलीत येणारा प्रत्येक जण मला मोडका समजून पायानेच बाजूला सारतो. माझ्या डोक्यावर तुटक्या बाकाच्या फळ्या आहेत, शेजारी लॅपटॉपची चळत आहे, आणि धुळीबद्दल न बोललेलंच बरं. म्हाताऱ्यांनी गोड बोलावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मला ते जमणार नाही. मला राग आला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

माझं तरुणपण एका विमा कंपनीच्या गारेगार खोलीत गेलं. तिथे मला कुणी प्रेमाने हाक मारली नाही, पण कामाला कधी उपाशीही ठेवलं नाही. पुढे नवे सर्व्हर आले आणि मला एका शाळेला देऊन टाकलं. त्या वेळी फोटो काढला. फोटोत देणारे होते, घेणारे होते, मी तेवढा चौकटीबाहेर राहिलो.

शाळा दोन सत्रांत भरायची. सकाळच्या मुलांचे लॅपटॉप त्यांच्या पालकांनी घेऊन दिलेले, नवे कोरे; वर्गात तेही माझ्यावरच चालायचे. दुपारच्या मुलांचे लॅपटॉप कुणाकुणाच्या घरी नकोसे झाले म्हणून शाळेत आलेले. त्यांच्या बॅटऱ्या मेलेल्या, डिस्क गेलेल्या, पोटात काही म्हणून शिल्लक नाही. असा लॅपटॉप सुरू झाला की तो केबलमधून माझ्याकडे हात पसरायचा. मग त्याला चालवणारी सगळी प्रणाली मी पुरवायची. मुलांनी लिहिलेलं, काढलेलं सांभाळायचंही मीच.

ही प्रणाली म्हणजे लिनक्स. ती फुकट मिळते आणि तिचे नाना अवतार आहेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. कुणी नटवा, कुणी कामसू. कुणाला अगदी नवी यंत्रंच लागतात, तर कुणी जुन्यांशीही जुळवून घेतो. नावं सांगत नाही, उगाच भांडणं लागतात.

संगणकाच्या बाईंनी माझ्यासाठी डिस्ट्रो निवडायला अख्खी सुट्टी घातली. त्यांची परीक्षा घ्यायची पद्धत भलतीच होती. दुपारच्या वर्गात एक लॅपटॉप होता, त्याचा पंखा सारखा खोकायचा, म्हणून मुलं त्याला ‘खोकड’ म्हणत. बाई माझ्यात एकेक डिस्ट्रो घालायच्या आणि खोकडाला केबल लावायच्या. एका डिस्ट्रोने खोकडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकाने त्याला इतकं तापवलं, की बाईंनी घाईघाईने वायर उपटली. एकावर सगळं छान चाललं, पण त्याला बनवणाऱ्यांकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या वर्षभरातच बंद होणार होत्या.

“मग पुढच्या वर्षी मी कुणाच्या तोंडाकडे बघू?” असं म्हणून त्यांनी तोही काढून टाकला.

शेवटी एक साधासुधा, करड्या पडद्याचा डिस्ट्रो उरला. दिसायला काहीच नाही. पण खोकड त्यावर उठून बसलं, आपल्या भाषेत लिहिता आलं, आणि दुरुस्त्या कितीतरी वर्षं मिळणार होत्या. मुलांनी त्याचं नाव ठेवलं ‘आजोबा’.

ती माझी सुखाची वर्षं. दुपारची घंटा झाली की सगळे लॅपटॉप एकदम माझ्या मागे लागायचे आणि माझा पंखा घोंघावायला लागायचा. खोकड एका मुलीच्या वाट्याला आलं होतं. ती इतकी बोलायची, की वर्गात तिला सगळे टकळी म्हणत. तिच्या घरी संगणक नव्हता, मोबाइलही आई कामावर घेऊन जायची. हिशेब करून स्वतः हलणारं एक घड्याळ ती खोकडावर बनवत होती. ते रोज चुकायचं आणि रोज तिच्या शिव्या खायचं. मला ती फार आवडायची.

मग शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा आला. हुशार होता, नाही म्हणत नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळे जमले आणि त्याने स्वतःच्या लॅपटॉपवरचा नवा डिस्ट्रो भिंतीवर मोठा करून दाखवला. निळंशार तळं दिसलं. खिडक्या पाण्यासारख्या हलत उघडल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“आपल्या सर्व्हरवर हेच घालू या, मामा,” भाचा म्हणाला. “बिलकूल लेटेस्ट आहे.”

बाई म्हणाल्या, “आधी खोकड आणून यावर लावून बघू या का? लगेच कळेल.”

“बाई, चहा गार होतोय,” अध्यक्ष म्हणाले. “शाळेने पुढे जायचं, की तुमच्या खोकडाला कडेवर घेऊन बसायचं?”

सगळे हसले. मुख्याध्यापक सगळ्यात जास्त वेळ हसले. मग कोण कोण तयार आहे म्हणून हात वर करायला सांगितले, आणि बाईंचा सोडून सगळे हात वर गेले. मित्रांनो, मला काय चालवणार हे त्या दिवशी एका तळ्याचं चित्र बघून ठरलं. माझ्याकडे तर पडदाही नाही.

नवा डिस्ट्रो आला. सकाळची मुलं खूश झाली. दुपारी घंटा झाली आणि त्या वर्गातले सगळे पडदे काळे राहिले. हा जुना प्रोसेसर चालणार नाही, एवढी एकच ओळ उमटली.

“बाई, माझं खोकड मेलं?” टकळीने विचारलं.

“मेलं नाही गं. त्याला आत घेत नाहीयेत.”

पण बाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. भाचा नवा डिस्ट्रो घालायला येण्याआधीच त्यांनी आजोबांना माझ्या दुसऱ्या डिस्कवर नीट बसवून ठेवलं होतं. नवा आल्यापासून मला उसना पडदा जोडून सुरू केलं की मी दोन ओळी दाखवायचो. वरच्या ओळीत नवा, खालच्या ओळीत आजोबा. मग मी जरा थांबायचो. कुणी काही सांगितलं नाही तर वरचा सुरू करायचो, तसा मला हुकूमच होता.

बाई रोज दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून माझ्या खोलीत यायच्या. मला बंद करून पुन्हा सुरू करायच्या आणि खालची ओळ निवडायच्या. दुपारचा वर्ग भरायचा. टकळीचं घड्याळ चुकायचं, मला बरं वाटायचं. यात कुणाचं काय बिघडत होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

एकदा अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन दुपारीच आले. तळं दिसेना. करड्या पडद्यांसमोर मुलं माना खाली घालून कामात गढलेली.

“हे काय जुनाट काढलंय?”

“मुलं शिकतायत, साहेब,” बाई म्हणाल्या.

“ते दिसतंय मला. पण पाहुण्यांना काय दाखवू?”

दुसऱ्या दिवशी भाच्याने माझं थांबणंच बंद केलं. त्यानंतर सुरू झालो की मी कुणाला विचारत नसे, सरळ वरची ओळ. माझ्या खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात गेली आणि बाईंना भूगोल शिकवायला दिला. दुपारच्या वर्गाला संगणकाच्या जागी मोकळा तास मिळाला. एखाद्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं आणि त्यालाच मोकळा तास म्हणायचं, हे माणसांनाच सुचतं.

वर्षाच्या आत नव्या डिस्ट्रोच्या दुरुस्त्या बंद झाल्या. सकाळचे लॅपटॉपही अडखळायला लागले. भाच्याला बाहेर मोठी नोकरी लागली होती, तो फोन उचलेना. मुख्याध्यापकांनी हात झटकले आणि म्हणाले, “सर्व्हरच जुना आहे हो.” झालं. शिपाईमामांनी मला इथे आणून टाकलं आणि खोकडाला शेजारच्या चळतीवर ठेवलं.

मागच्या आठवड्यात टकळी शिपाईमामांबरोबर बाक उचलून आत आली होती. उंच झाली आहे, बोलते कमी. तिने खोकड ओळखलं, बाहीने त्याचा पडदा पुसला.

“मामा, हे चालू करून बघू?”

“कुलूप लावायचंय बाळा, चल.”

ती गेली. तिने जाताना मागे वळून पाहिलं असं मी सांगू शकलो असतो, पण तिने पाहिलं नाही. तिचं घड्याळ अजून माझ्या पोटात आहे, चुकीची वेळ दाखवत. आजोबाही खालच्या ओळीत तसेच आहेत. उद्या भंगारवाला येणार आहे, तो आम्हाला सगळ्यांना एकाच तराजूत घालेल.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही, ती वेळ गेली. तुम्ही मोठे व्हाल, कुणासाठी तरी काहीतरी निवडायला बसाल. तेव्हा आधी दुपारच्या वर्गातलं खोकड आणून टेबलावर ठेवा. ते उठलं तर पुढचं बोला. बाईंनी एवढंच मागितलं होतं, आणि ते बघून होईपर्यंत चहा काही गार झाला नसता.