आवाज नसलेली खोली

आमच्या अण्णांच्या कानात शिट्टी वाजते. पावणे गावच्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर त्यांचा उभा जन्म गेला, आता प्रेस सुटली तरी शिट्टी काही सुटत नाही. गोंगाटात ती दबते, शांततेत डोकं वर काढते. म्हणून आई थंडीतही पंखा लावून झोपते आणि म्हणूनच अण्णांनी विहारात ध्यानाला बसणं सोडलं. त्यांना तेवढंच परत हवं होतं, डोळे मिटून घटकाभर गप बसणं.

माझा धाकटा भाऊ अश्विन ध्वनिशास्त्र शिकला आणि पुढे कलावंत झाला. तेव्हापासून तो सरळ बोलत नाही. ऐरोलीत त्याने एक खोली बांधली. भिंतींना, छताला स्पंजाचे सुळके. आत टाळी वाजवली तरी घुमत नाही, तिथल्या तिथे मरते. नाव काय, तर ‘शून्यता’!

“तितं शिट्टी बंद व्हईल का रं?” अण्णांनी विचारलं.

“अण्णा, तिथे आवाजच नसतो,” अश्विन त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाला. बाहेरचे आवाज संपले की शिट्टी आणखी चढते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

उद्घाटनाला अण्णा आत बसले. आतल्या कॅमेऱ्यामुळे त्यांचा चेहरा बाहेर मोठ्या पडद्यावर दिसत होता. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

“शांतता जगात कुठेच नाही,” अश्विन पाहुण्यांना समजावत होता. “आवाज हा मनाचा भोग आहे. माझे वडील त्याचा पुरावा आहेत.” पाहुणे सरबत पीत माना डोलावत होते.

पडद्यावर अण्णांनी दोन्ही कान दाबले. मग उठून दार बडवू लागले. बाहेर आम्हाला काही ऐकू येत नव्हतं.

“उघड,” मी म्हणाले.

“थांब गं ताई, हेच तर बघायला आलेत सगळे.”

मी त्याला ढकललं आणि दार उघडलं. अण्णा घामाने भिजले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला एकेकाच्या थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली.

अण्णा ओशाळून अश्विनला म्हणाले, “लई वाढली रं. माजंच कायतरी चुकलं का?”

“सवय नाही तुम्हाला. रोज बसलात की बंद होईल.”

“खोटं बोलतोय तो!” मी अण्णांच्या कानाशी ओरडले. “त्याला आधीच माहीत होतं!”

अण्णा माझ्यावरच उखडले. “गप बस. त्याचा अभ्यास हाय त्यातला. शिकिवलाय त्येला मी.”

आणि स्वतःच परत आत गेले. अश्विनने दार लावून घेतलं.