अडतीस सेंटिमीटर

"यंत्र गंडलंय तुझं," व्हेन्देलकाका म्हणाले आणि गुडघ्यांवर बसल्या बसल्या त्यांनी दोरीची गाठ पुन्हा बर्फावर टेकवली.

मी लेझर पुन्हा गोलमागच्या फळीला लावला. आकडा तोच आला. फळीपासून गाठीपर्यंत बावीस मीटर अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. नियमात आहेत बावीस मीटर शहाऐंशी.

आइस हॉकी महासंघाने या वर्षीपासून प्रत्येक मैदानाचं मोजमाप लेखी मागितलं होतं. मी होमोक्तो गावच्या फ्रीज कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. कारखान्यानेच साठ वर्षांपूर्वी हा क्लब काढला, म्हणून मोजमापाचं काम माझ्याकडे आलं. क्लबचा इतिहासही मलाच लिहायचा होता. दोन्ही कामं एकमेकांत अडकतील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

काकांनी कपाटातून पोलादी टेप आणला. आम्ही तीन वेळा मोजलं. चौथ्यांदा मोजायला मी टेप उचलला तेव्हा ते राहू दे म्हणाले.

निळी रेघ आखायची ही दोरी तागाची होती. १९७९ साली, क्लबात बर्फाच्या कामावर लागले त्या आठवड्यात, काकांनी स्वतः टेपने मोजून तिला गाठ मारली होती. दर ऑगस्टमध्ये बर्फाचा पातळ थर धरला की दोरी फळीपासून ताणायची, गाठीशी खूण करायची, निळा रंग द्यायचा आणि वरून पाण्याचे थर चढवायचे. मधे नियमातलं अंतर बदललं, तेव्हा त्यांनी फरक तेवढा मोजून गाठ पुढे सरकवली. अख्खी दोरी मोजायची गरज त्यांना कधी वाटली नाही.

मी सांगितलं, ताग भिजला की धागे फुगतात, पीळ आवळतो, लांबी कमी होते. सुकल्यावर ती सगळी परत येत नाही.

"किती वर्षांत?"

"बहुतेक पहिल्या तीन-चार हिवाळ्यांत. मग फारसा फरक पडत नाही."

काकांनी बोटांवर मोजलं नाही. गरजच नव्हती. १९८४चा मार्च आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतो.

त्या मार्चमध्ये बुडापेस्टला आमचा क्लब वरच्या गटात जाण्यासाठी खेळत होता. शेवटच्या मिनिटाला गास्पारने गोल केला आणि पंचाने तो ऑफसाइड ठरवला. चकती निळी रेघ ओलांडायच्या आत गास्पारचे दोन्ही पाय पलीकडे गेले होते, असं पंचाचं म्हणणं. क्लब पुन्हा कधी वरच्या गटाच्या इतका जवळ पोचला नाही. बाहेरगावी आमची पोरं सारखी ऑफसाइड होतात आणि पंच आमच्यावर दात धरून असतात, हे गावाने तेव्हापासून गृहीत धरलं. बेकरीत कोणी रांग मोडली तर आजही मागून आवाज येतो, "ऑफसाइड!" कँटीनच्या भिंतीवर त्या सामन्याचा फोटो आहे, खाली लिहिलंय: चोरलेला गोल. माझ्या पुस्तकातल्या एका प्रकरणाचं नावही तेच होतं.

फोटोखालचं टेबल गास्पारचं. दर नाताळला तो त्या पंचाला कार्ड पाठवायचा: डोळे कसे आहेत? दर नववर्षाला पंचाचं उत्तर यायचं: ठीक. रेघ तिथेच होती. पंचाची चाळीस कार्डं गास्पारने खोक्यात जपून ठेवली होती, गावाला वाचून दाखवायला.

दोरी आकसलेली म्हणजे आमची रेघ गोलच्या जवळ. आमची पोरं तिच्यावरच वाढलेली. दुसरीकडे रेघ आधी येते, आणि ती न बघता अडतीस सेंटिमीटर पुढे जातात.

काका बराच वेळ दोरीचं वेटोळं करत बसले. फॉर्मवर नियमातला आकडा लिहून रेघ तशीच ठेवता आली असती, महासंघाचा माणूस काही तपासायला येणार नव्हता. ते माझ्या मनात आलं होतं, त्यांच्याही आलं असावं. मग त्यांनी गाठीशी केलेली खूण खरवडून काढली आणि टेपने नवी केली.

"गास्पारला बोलाव," ते म्हणाले. "कँटीनमध्ये असेल."

गास्पार चरबी फासून वर कांदा ठेवलेला पाव हातात घेऊनच आला, साध्या बुटांत, फळीला धरून.

"काय रे, चालता येईना म्हणून खांद्यावर न्यायला बोलावलंस?"

काकांनी सगळं सांगितलं. एकदाच, न थांबता, जुनी जागा आणि नवी जागा बोटाने दाखवून. शेवटी म्हणाले, "दोरी मी बांधली होती. तुझं काही चुकलं नव्हतं."

गास्पारने पाव फळीवर ठेवला. जुन्या खुणेच्या अलीकडे जाऊन त्याने उजवा पाय पुढे टाकला, मान वळवून मागे पाहिलं, तिथून चकती येणार असल्यासारखं. मग खाली पाहिलं. नवी रेघ त्याच्या दोन्ही पायांच्या मागे होती.

"मी रेघ बघितलीच नव्हती," तो म्हणाला. "कोण बघतं? पायांना कळतं."

मग तो काकांकडे वळला.

"तुला शिव्या द्यायला हव्यात मी."

"दे."

गास्पार पाव न घेताच निघून गेला. महिनाभर त्याचं टेबल रिकामं होतं. कोणी विचारलं तर काका दोरीची हकिगत सांगायचे. बहुतेकांना ती पटली नाही. एक-दोघांनी मलाच सुनावलं, म्हातारपणी माणसाला कशाला छळतेस म्हणून.

ऑक्टोबरमध्ये नव्या रेघेवर पहिला सामना झाला. आमची पोरं स्वतःच्या मैदानावर अकरा वेळा ऑफसाइड झाली. लोकांनी पंचाचा बाप काढला. मधल्या सुट्टीत बर्फ सारखा करायच्या यंत्राशी काका उभे होते, तिथे गास्पार आला. खिशातून कागदात गुंडाळलेला पाव काढला, मोडून अर्धा काकांना दिला. दोघांनी उभ्यानेच खाल्ला. सामन्याबद्दल बोलणं झालं असेल तर मला ऐकू आलं नाही.

प्रकरणाचं नाव मी अजून बदललेलं नाही. नवं सुचत नाही.

डिसेंबरमध्ये गास्पारने मला एक कार्ड पोस्टात टाकायला दिलं. त्याला पाकीट नव्हतं, त्यामुळे वाचलं गेलं. पंचाच्या पत्त्याशेजारी एकच ओळ होती: रेघ तिथेच होती. खाली दोन सह्या होत्या. दुसरी व्हेन्देलकाकांची.