फ्लास्कला फक्त पाणी

जवळा बाजारच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरा वर्षं काचसामान धुण्याचं काम अजराकडे होतं. काच स्वच्छ असली की दिसत नाही. धुणारी तर त्याहून दिसत नाही. दर जूनला तिला नवी तात्पुरती ऑर्डर मिळे आणि सोबत संस्थेच्या अध्यक्षांचं तेच वाक्य: पुढच्या साली बघू. यंदा जानेवारीत कायम जागा खरोखरच भरली. तीत अध्यक्षांच्या मेव्हण्याचा पोरगा बालाजी बसला. अजराला निरोप आला, की त्याला काम शिकवा, तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाला येतं?

अशी स्तुती आली की माणसानं आपली खुर्ची चाचपून पाहावी. अजराला खुर्ची नव्हतीच, स्टूल होतं. तेही बालाजीकडे गेलं.

बालाजी वाईट नव्हता, हीच मोठी तकलीफ. वाईट असता तर रागाला बसायला जागा मिळाली असती. तो तिला आपा म्हणे, चहा आधी तिच्यापुढं ठेवी आणि सांगितलेलं सगळं वहीत उतरवून घेई. जे सांगितलं नाही ते मात्र स्वतःच्या अकलेनं करी.

बारावीच्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या दुपारी दोघं काचसामान लावत होते. प्रयोग नेहमीचा: खाली फ्लास्कमध्ये पिपेटनं मोजून दहा मिली ऑक्झॅलिक आम्ल, वरून ब्युरेटमधून थेंब थेंब परमँगनेट, आणि गुलाबी रंग टिकला की थांबून आकडा वाचायचा. धुण्याचा नियम अजराला तोंडपाठ. ब्युरेटमध्ये जे भरायचं त्यानंच ती खंगाळायची, पिपेटचंही तसंच. फ्लास्कला मात्र डिस्टिल्ड पाण्याशिवाय काही शिवू द्यायचं नाही. आत आम्ल चिकटून राहिलं की दहाचं साडेदहा होतं आणि रीडिंग फुगतं.

बालाजीनं पहिल्या बॅचच्या वीस पोरांचे, प्रत्येकी तीन असे साठही फ्लास्क ऑक्झॅलिकनं खंगाळले. मन लावून, दोन-दोनदा.

"फवारणीचा पंप जे औषध भरायचं त्यानंच खंगाळतो आमी," तो म्हणाला. "न्हाई तर आदलं तणनाशक सोयाबीन जाळतं. हे बी तसंच. बराबर हाय ना, आपा?"

अजरानं फ्लास्कांच्या रांगेकडं पाहिलं. एक शब्द आणि पाण्याचा एक कॅन, एवढ्यानं निभावलं असतं. पण यंदा कॉपीमुक्तीचा गाजावाजा होता, कॅमेरे बसले होते, आणि रसायनाचे खिल्लारे सर बजावून गेले होते की या वेळी कुणाला रीडिंग सांगायचं नाही. म्हणजे उद्या वीसच्या वीस पोरांचं रीडिंग चुकणार. बाहेरून आलेले परीक्षक विचारणार, असं काहून? कायम जागेवर कोण बसवलं ते अध्यक्षांना कळणार. अजरा असती तर, असं कुणीतरी म्हणणार. ते वाक्य तिनं मनात दोनदा ऐकून घेतलं.

"बराबर," ती म्हणाली.

सकाळी गेटाबाहेर, कॅमेरा पोचत नाही तिथं, खिल्लारे सरांनी पहिली बॅच गोळा केली आणि हळूच सांगितलं: दहा पॉइंट दोन.

मग काय, एकोणीस पोरांनी परमँगनेट वाटेल तसं सोडलं. कुणाचा फ्लास्क जांभळासारखा झाला, कुणाचा रंगलाच नाही. कागदावर सगळ्यांचं दहा पॉइंट दोन. अजरानं एवढी जपून ठेवलेली चूक, तिला मोजायलाच कुणी तयार नव्हतं.

विसावी होती कोमल, सिद्धेश्वरहून एसटीनं येणारी. सरावाच्या वेळी बाकीची पोरं मोबाइलात असताना ही अजराला चिकटून उभी राहायची. डोळे रेघेच्या बराबर आण आणि दिसंल तेच लिही, हे तिला अजरानंच शिकवलं होतं. सरांचा आकडा तिनंही ऐकला होता. तरी तिनं लिहिलं: दहा पॉइंट सहा, दहा पॉइंट आठ, दहा पॉइंट पाच.

अजरा चहा घेऊन गेली तेव्हा परीक्षक तोच कागद बघत होते. बाकीच्यांशी जुळत नाही, आपसातही जुळत नाही. हात कच्चा आहे, म्हणाले, आणि तिसापैकी सतरा मांडले. इतर कुणाला अठ्ठाविसाच्या खाली नव्हते. खिल्लारे सर खिडकीबाहेर बघत राहिले.

बोलायची वेळ हीच होती. पण बोललं तर बालाजीची चूक निघणार, आणि बालाजी साळसूदपणे सांगणार की आपांना विचारूनच केलं. मग जूनची तात्पुरतीसुद्धा जाणार. अजरानं कप खाली ठेवला, बशी नीट केली आणि निघाली.

कोमल सिंकपाशी उभी होती. तिला मार्क ठाऊक नव्हते. हात कच्चा एवढं कानावर आलं होतं.

"आपा, तीनदा केलं मी. कुठं चुकलं?"

अजरानं नळ सोडला. "गुलाबी दिसायला लागला की घाई करून राहिली तू. थेंब जास्ती पडला असंल."

कोमलनं जरा विचार केला. अजराचं तिनं आजवर सगळंच मानलं होतं. "व्हय," ती म्हणाली, "घाईच झाली असंल." आणि एसटी चुकू नये म्हणून निघून गेली.

तेवढ्यात बालाजी हसत आला. परीक्षकांनी काचसामानाची तारीफ केली होती, शेऱ्यात लिहिलंसुद्धा. "मी सांगितलं त्यांना," तो म्हणाला, "समदं आपाला विचारून केलंय."

बालाजीनं पुढच्या बॅचसाठी खंगाळून ठेवलेल्यांतला पहिला फ्लास्क अजरानं उचलून नळाखाली धरला, मग डिस्टिल्डच्या कॅनकडं हात नेला. बालाजी बाजूला उभा राहून विचारत राहिला, हे तर धुतलेले हायेत ना आपा, परत काहून?