आडवा ठेवलेला पेला

मित्रांनो, मी दलदलीतली एक जुनी होडी. आता काठावर पालथी पडून असते आणि माझ्या पोटाखाली कोंबड्या झोपतात. दमले आहे, पण एवढं सांगून टाकते.

टायग्रिसच्या खालच्या अंगाला, इराकच्या बाजूला, उस्ताद हमूदने मला घडवलं. लाकडावर गरम डांबर ओतून त्याने मला गुळगुळीत केलं. "वर्षातून एकदा हिला डांबर द्या, ही तुम्हाला बुडू देणार नाही," असं तो म्हणायचा. मी म्हशींचा चारा वाहिला, दोन नवऱ्या मुली सासरी पोचवल्या. लोक माझं कौतुक करत.

मग इराणशी लढाई लागली आणि मी सरकारी झाले. सरकारी होडीला डांबर कोण लावणार? तळाला भेग पडली. चासिब नावाचा शिपाई माझ्यातून पुढच्या चौकीला भाकऱ्या न्यायचा. एका हाताने बांबू रेटायचा, दुसऱ्या हाताने डब्याने पाणी उपसायचा.

एका सकाळी दाट धुकं होतं. चासिब वाट चुकला. बोरूंच्या बेटावर कुणीतरी बसलेलं दिसलं. आमच्याकडे होडीतून येणाऱ्याने आधी सलाम करायचा असतो. जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं.

"सलाम आलेकुम."

"वालेकुम सलाम. ये."

बोली तीच, पण गणवेश इराणचा. दोघांचे हात बंदुकीकडे गेले आणि तिथेच थांबले.

"आधी गणवेश बघायचास ना, गाढवा," बेटावरचा वैतागून म्हणाला. "आता सलाम घेऊन बसलो. गोळी कशी घालू?"

"मग चहा पाज," चासिब म्हणाला. आणि त्याने मला बेटाला लावलं.

त्या टेहळ्याचं नाव खलफ. पलीकडच्या काठावरच्या अरबांतलाच तो. त्याने मला वाकून पाहिलं.

"ही होडी आहे की चाळणी?"

"सरकारी आहे."

"आमच्याकडेही सरकारी म्हणजे असंच," खलफ म्हणाला, आणि त्याने डांबराचा गोळा शेकोटीवर मऊ करून माझी भेग बुजवली.

पुढे महिनाभर चासिब मुद्दाम वाट चुकत राहिला. काचेच्या इवल्या पेल्यांतून चहा व्हायचा. पाहुण्याने पेला बशीत आडवा ठेवला की समजायचं, आता पुरे, निघतो. चासिबला तो लवकर आडवा करवत नसे. बोलणं फारसं नव्हतं. दोघे इतके थकलेले, की एकमेकांसमोर निर्धास्त जांभई देता येते, हेच त्यांना पुष्कळ होतं.

मग एका दुपारी चासिबच्या कॅप्टनने सांगितलं, "संध्याकाळी त्या बेटावर तोफा डागायच्यात. पाण्यात कुणी उतरायचं नाही."

चासिब माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. मग त्याने माझ्या तळाशी चिखलाचा गोळा थापला, त्यात चौकीतली बशी रोवली आणि बशीत पेला आडवा घट्ट बसवला. दोर सोडला. "जा बाई," एवढंच म्हणाला.

वारा पूर्वेकडे, बेटाच्या दिशेने वाहत होता. मी रिकामी वाहत निघाले. बोरू अंगाला घासत होते. भेग उघडली असती तर पेल्यासकट बुडाले असते आणि खलफ तिथेच बसून राहिला असता. पण खलफने स्वतःच्या हाताने लावलेलं ते ठिगळ टिकलं.

खलफने आधी मला पाहिलं, मग पेला. येणाऱ्याचा सलाम घ्यायचा असतो, म्हणून रिकाम्या होडीला तो हळूच म्हणाला, "वालेकुम सलाम." आणि बंदूक टाकून माझ्यात बसला. आम्ही बोरूंत शिरलो, तेव्हा मागे पहिला गोळा पडला.

होडी वाहून गेली, असं चासिबने सांगितलं असेल. कॅप्टनला ते पटलं की नाही, मला ठाऊक नाही. चासिबची काळजी अजून जात नाही.

मित्रांनो, खलफ आता म्हातारा आहे. दलदल आटली, तरी दर वर्षी तो मला डांबर लावतो. सून विचारते, "पाणीच नाही, कशाला कष्ट घेता, बाबा?" तो डांबर ढवळत राहतो. तुमच्या दाराशीही माझ्यासारखं काही जुनं पडलं असेल, तर भेग वाढण्याआधी त्यावरून एक हात फिरवा. त्या ठिगळावर कुणाचा जीव तरून जाईल, सांगता येत नाही.

तो पेला खलफच्या फळीवर आहे. त्याने तो उभा ठेवला आहे.