फोटोच्या कडेची सखुबाई

मित्रांनो, मला बघून तुम्ही लगेच ओळखाल असं काही राहिलेलं नाही. अंगावरचे आकडे पुसून गेलेत, रबराचं कडं सैल झालंय आणि पुढच्या काचेवर एक ओरखडा आहे. तो सेनगावच्या एका वरातीत कोणाच्या तरी बांगडीने पडला. कॅमेऱ्याची जुनी लेन्स आहे मी, रुंद नजरेची. मांडवभर माणसं समोर उभी करा, सगळ्यांना एका चौकटीत घेते.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. पण आम्हा रुंद नजरेच्या लेन्सांना एक खोड जन्मतःच असते. मधलं सगळं सरळ दिसतं, कडेचं मात्र वाकतं. मांडवाचा खांब बाहेर फुगतो, कोपऱ्यात अंधारतं आणि कडेचा माणूस कलंडल्यासारखा दिसतो. यावर माणसांनी तोड काढली. फोटो नीट करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक लेन्सची कुंडलीच घालून ठेवायची: ही किती वाकवते, कुठे अंधार पाडते, सगळं. त्या कुंडलीला प्रोफाइल म्हणतात. फोटो उघडला की सॉफ्टवेअर माझं नाव वाचायचं, प्रोफाइल काढायचं आणि वाकलेलं आपणहून सरळ करून टाकायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची! माझी खोड कोणाला दिसलीच नाही.

विश्वंभरने मला आणलं तेव्हा हिंगोलीतला त्याचा स्टुडिओ नवाकोरा होता. लग्नसराईत आम्ही दोघं नुसती पळायचो. आज कळमनुरी, उद्या सेनगाव. "इश्वंभरभाऊचा ग्रुप फोटू म्हंजे एक नंबर," असं लोक म्हणायचे. सुरुवातीला मला मोठी ऐट वाटायची. मग सवय झाली. नवरा-नवरी यायची, उभी राहायची, हसा म्हटलं की हसायची आणि जायची. इतके चेहरे आत आले आणि गेले, की पुढे पुढे मला कशाचं काही वाटेनासंच झालं. नव्या लेन्स आल्या आणि मी दुकानातल्या काचेच्या कपाटात गेले. एका पावसाळ्यात माझ्या आत बुरशीचा ठिपका पडला. तो कोणी पुसला नाही, आणि खरं सांगते, मला त्याचंही वाईट वाटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात वीज कमीजास्त होऊन विश्वंभरचा जुना संगणक जळाला. नवा आला, आणि त्याच्यावर सॉफ्टवेअरही निराळंच आलं. विश्वंभर ते अजून शिकतच होता. अशात सोयाबीन काढणीच्या दिवसांत एक बाई दुकानात आली. शिवकन्या तिचं नाव. तिच्या लग्नाचे फोटो विश्वंभरनेच माझ्यातून काढले होते, तो अल्बम तिने पोटाशी धरला होता.

"मायचा फोटू पाहिजे, भाऊ. तेरवीला ठिवायचा हाय."

"आई गेली? कवा?" विश्वंभरने खुर्ची पुढे केली. "एकटीचा फोटू हाय का कुठं?"

"न्हाई ना. मोबाइल धरला की तोंडावर पदर घ्यायची. आधार कार्डावरचा तर तिला सोताला ओळखू येत नव्हता."

एसटीची वेळ सांगावी तशा आवाजात ती हे सांगत होती. डोळे कोरडे ठक्क. "बाया म्हनून राहिल्या, रड गं बाई, मोकळी हो. आता येतच न्हाई तर काय करू?" मला ते चांगलंच समजलं. त्या दुकानात न रडणाऱ्या आम्ही दोघी होतो.

तिने अल्बम उघडला. स्टेजवरचा ग्रुप फोटो, सगळे पाहुणे ओळीत. एका टोकाला एक खांदा, एक कान आणि अर्धा पदर. ती सखुबाई, शिवकन्येची माय. ती तरुणपणीच विधवा झालेली. अशा बाईने शुभकार्यात नवरीच्या जवळ येऊ नये, ही आमच्याकडची जुनी आणि वाईट रीत. म्हणून आई असूनही ती अगदी टोकाला.

"मला वाटलं, तीच सरकली बाहीर," शिवकन्या म्हणाली. "पहिल्या दिवाळीला आले तवा बोलले मी तिला. म्हनलं, पोरीच्या लग्नात दोन मिनिटं उभं राहायला तुला काय तकलीफ व्हती?"

"मंग?"

"मंग काय, चहा टाकला तिनं."

विश्वंभरने जुनी हार्ड डिस्क काढली. कॅमेऱ्यातून निघाल्या तशा मूळ फाइली तो पुसत नसे, एवढी त्याची सवय चांगली. त्या लग्नाची फाइल शोधून त्याने नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर पाटी आली: या लेन्सचं प्रोफाइल सापडलं नाही. झालं! माझं नावच तिथे कोणाला माहीत नव्हतं. मांडवाचे खांब पोट सुटल्यासारखे बाहेर आले आणि कोपरे काळवंडले. माझी खोड चारचौघांत उघडी पडली.

"अरे देवा, हे काय झालं," म्हणत विश्वंभरने माझ्यासारख्याच एका दुसऱ्या लेन्सचं प्रोफाइल लावून पाहिलं. शेजाऱ्याचा चष्मा घालून सुईत दोरा ओवता येतो का कधी? खांब नागमोडी झाले आणि दोन्ही टोकं छाटली गेली. त्याने ते घाईने काढून टाकलं. फोटो पुन्हा होता तसा वाकडा झाला.

"थांबा भाऊ," शिवकन्या म्हणाली. "हे कोन हाय?"

कोपऱ्यातल्या अंधारात, जराशी कलंडलेली, सखुबाई उभी होती. अख्खी!

मित्रांनो, वाकलेलं सरळ करायचं म्हणजे फोटो ताणावा लागतो. ताणला की कोपरे चौकटीबाहेर जातात, आणि सॉफ्टवेअर ते न विचारता कापून टाकतं. जुन्या सॉफ्टवेअरने तेच केलं होतं. सखुबाई बाहेर सरकलीच नव्हती. दोन्ही पाय स्टेजवर होते, पदर तोंडावरून बाजूला केलेला होता. आणि ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. ती पोरीकडे बघत होती.

विश्वंभरने आता प्रोफाइलचा नाद सोडला. आपोआप कापायचं बंद केलं आणि हातानेच काम सुरू केलं. खांबाकडे बघत बघत वाक थोडाथोडा कमी केला. कोपरा उजळला. माझ्या काचेमुळे पदराच्या कडेला उमटलेली जांभळी रेघ घालवली. सखुबाईचा चेहरा हळूहळू उभा राहिला.

"अजून जरा केलं तर खांब बराबर सरळ व्हईल," तो म्हणाला, "पन मायचा कान कापला जाईल."

"खांब काय करायचा मला? राहू द्या वाकडा."

त्याने तो वाकडाच ठेवला. बसवलेले आकडे माझ्या नावाने साठवले, म्हणजे पुढच्या खेपेला शोधाशोध नको. शिवकन्येने पडद्यावर सखुबाईच्या गालाला बोट लावलं. ती रडली नाही. बोट तिथेच ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "माय तर उभी व्हती. आत ये, एवढंच म्हनायचं व्हतं मी."

तेव्हा मला काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. बरंच काही वाटायला हवं होतं. इतकी वर्षं मी सगळ्यांना चौकटीत घेतलं आणि कोणाकडेच पाहिलं नाही, एवढं मात्र कळलं.

तर मित्रांनो, मूळ फाइली पुसू नका. सॉफ्टवेअर बदललंत की आपल्या लेन्सचं नाव तिथे आहे का ते बघा. नसलं तर दुसरीचं लावू नका, सावकाश हाताने करा. आमच्या काचाही अधूनमधून पुसा, बुरशी लागू देऊ नका. पण हे सगळं फोटो निघाल्यानंतरचं झालं. बटण दाबायच्या आधी एकदा टोकाला बघा. तिथे कोणीतरी अंग चोरून उभं असतंच. मला तोंड नाही, मित्रांनो. "आत या" हे तुम्हालाच म्हणावं लागेल.